दुसरी व्यक्ती असावी

"शुड म्हणजे काय?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं आणि नाकाला रुमाल लावला. सर्दीने त्याला सकाळपासून बेजार केलं होतं.

टेबलापलीकडे खुर्चीच्या कडेवर बसलेल्या काकांनी घसा खाकरला. एकतीस वर्षांच्या नोकरीत एखादा साहेब त्यांना समोर बसवून इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणजे, ते वाक्यावर अवलंबून असतं साहेब. कधी सल्ला असतो. कधी अंदाज असतो. कधी नुसतीच..."

"वाक्य हे आहे." अधिकाऱ्याने एक फोटो पुढे सरकवला. चार नंबरच्या टाकीवरची पाटी. पिवळ्यावर काळी अक्षरं. वरची ओळ इंग्रजीत, खालची मराठीत: टाकीत उतरताना बाहेर दुसरी व्यक्ती असावी. "हे भाषांतर तुमचंच ना?"

"माझंच."

गोंदाच्या त्या कारखान्यात यंत्रं बाहेरून यायची आणि त्यांच्यासोबत यायची जाडजूड इंग्रजी पुस्तकं. ती मराठीत आणायचं काम तांत्रिक विभागातल्या या कारकुनाचं. काकांनी इंग्रजी ऐकून नव्हे, वाचून कमावलेलं. शब्दकोश आणि व्याकरणाचं पुस्तक, एवढेच त्यांचे गुरू. त्यामुळे कर्नलला ते बिनदिक्कत 'कॉलोनेल' म्हणायचे. पण अर्थाला कधी धक्का लागू द्यायचे नाहीत. कामगार कुठलीही बाटली, डबा, चिठ्ठी घेऊन यायचे. काका चष्मा कपाळावरून खाली ओढायचे आणि सुरुवात करायचे, "म्हणजे..." त्यावरून सगळा कारखाना त्यांना म्हणजेकाका म्हणायचा. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट थोडा अभिमानच होता.

"मग मराठीत 'असावी' लिहिलंत, ते बरोबर आहे?"

काका उत्तर द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात अधिकाऱ्याला एकामागून एक चार शिंका आल्या. त्याने हात वर केला. "चहा घेऊ. पंधरा मिनिटांनी बसू पुन्हा."

काका उठून व्हरांड्यात आले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

*

अठरा दिवसांपूर्वी चार नंबरच्या टाकीत बारक्या मेला होता.

टाकी साफ करायची म्हणजे वरच्या भोकातून आत उतरायचं आणि तळाचा गाळ खरवडून बादलीत भरायचा. ते भोक एवढं अरुंद की भरल्या अंगाच्या माणसाचे खांदे त्यातून जायचे नाहीत. बारक्याचे जायचे. "देव अंगावर मांस चढवायला विसरला, म्हणून तर नोकरी लागली," असं तो स्वतःच म्हणायचा. पस्तिशीचा गडी, पण लांबून शाळकरी पोर वाटायचा. गाळ आंबला की टाकीतली हवा मरते. आत माणसाला नुसती झोप आल्यासारखं होतं म्हणतात. बाहेर कुणी असेल तर तो दोरी ओढतो, आरडाओरडा करतो. त्या दिवशी बारक्याच्या जोडीदाराला फोरमनने गाडी भरायला पाठवलं होतं. जेवणाची सुट्टी संपत आली तरी कँटीनच्या बाकावर बारक्याचा डबा तसाच बंद. मग कुणाच्या तरी लक्षात आलं. टाकीच्या तोंडाशी त्याच्या चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या.

आता कागदावर एवढंच ठरायचं होतं, की चूक कुणाची. कंपनीची ठरली तर त्याच्या बायकोला कंपनीच्या वसाहतीतली खोली राहणार होती आणि पॅकिंग विभागात काम मिळणार होतं. त्याची ठरली तर काहीच नाही.

काकांना ती पाटी लिहिल्याचा दिवस पक्का आठवत होता. तीन वर्षं झाली होती. टाकीचं पुस्तक हातात आलं, तेव्हा या वाक्यापाशी ते बराच वेळ थांबले होते. इंग्रजीत शुड होतं. तरी त्यांनी लिहिलं, 'दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे.' सेफ्टी ऑफिसरने मसुदा चाळला आणि पेन तिथेच टेकवलं.

"काका, मुळात मस्ट आहे का?"

"नाही साहेब, शुड आहे. पण म्हटलं, टाकीचं काम..."

"मग तुम्ही पदरचं कशाला घालताय? असलीच पाहिजे लिहिलं की प्रत्येक वेळी एक माणूस अडकवून ठेवायला लागेल. शुड म्हणजे असावी. बरोबर ना?"

बरोबर होतं. खटकायचं ते हेच. एखाद्याने चुकीचं लिहायला लावलं असतं तर काका नडले असते, निदान घरी येऊन चडफडले तरी असते. पण साहेबाने व्याकरणातच पकडलं होतं. त्यांनी शब्द बदलला, आणि खरं सांगायचं तर बदलल्यावर वाक्य त्यांना जास्त रेखीव वाटलं.

*

"काका, घ्या." सेफ्टी ऑफिसर दोन कप घेऊन आला होता. एक त्यांच्या हातात देऊन तोही कठड्याला टेकला. माणूस तसा वाईट नव्हता. अठरा दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "तुम्हाला कुणी खोटं बोलायला सांगत नाहीये हं. विचारतील तेवढंच सांगायचं."

"हो."

"नोव्हेंबरात मुदत संपते ना तुमची? वर्षभर वाढवावी म्हणून मी वर लिहिलंय. तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही." तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, "वहिनींचे गुडघे कसे आहेत? वसाहतीत तळमजल्यावर खोली आहे ते एक बरं."

ही धमकी होती, आमिष होतं की नुसतीच विचारपूस, ते काकांना कळलं नाही. कदाचित त्या माणसालाही ठाऊक नसावं. तो कप घेऊन आत गेला.

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बारक्याची बायको बसली होती. काकांना पाहून ती उठून आली. रडून रडून चेहरा सुकलेला, पण केस चापूनचोपून बांधलेले.

"काका, आत विचारलं तर माझं एवढं सांगाल?"

"काय पोरी?"

"फोरमन सांगत होता, अडाणी माणूस, पाटी वाचता आली नसेल. ते अडाणी नव्हते हो. चौथीत शाळा सुटली, पण तुमच्याकडे येऊन किती शिकले. घरी आले की साबणाच्या कागदावरचं वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचे. मला म्हणायचे, तू नुसती बघ, पुढच्या वर्षी मी वर बसून बटणं दाबणार. गेले ते गेले. पण अडाणी होते म्हणून मेले, असं नका लिहू देऊ त्यांना."

"नाही लिहू देणार," काका म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.

दर शनिवारी दुपारची पाळी सुटली की काका कँटीनमध्ये इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. फुकट. पहिल्या दिवशी अकरा जण आले होते. महिन्याभरात पाच राहिले, पावसाळा संपेतो एकटा बारक्या. त्याला मिश्रणयंत्रावर ऑपरेटर व्हायचं होतं आणि त्या परीक्षेत इंग्रजी पाट्या वाचायला लागायच्या. एका विद्यार्थ्याचा वर्ग, पण काका घरून कोरा खडू घेऊन जायचे. पोटच्या पोराला शिकवायचं सुख त्यांच्या नशिबात नव्हतं. ते त्या शनिवारांनी थोडंफार भरून काढलं.

शुडचा धडा तर त्यांना तोंडपाठ होता.

"वाक्य कर," त्यांनी सांगितलं होतं.

"फोरमन शुड गो होम."

काका हसले होते. "बरोबर आहे. पण मोठ्याने म्हणू नकोस. दुसरं?"

"माय वाइफ शुड बी हॅपी."

"इथे कुठला शुड? सल्ल्याचा की अंदाजाचा?"

बारक्याने डोकं खाजवलं. "दोन्ही धरा काका."

आणि मग खडूचे हात पुसत त्याने विचारलं होतं, "ती टाकीवरची पाटी आहे ना, तिच्यात पण हाच शुड आहे. मी वाचला. मग असावी म्हणजे हवीच, की असली तर बरं?"

शिष्य स्वतःहून पाटी वाचून आला होता! एवढा नेमका प्रश्न काकांना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. ते खुलले. फळ्यापाशी गेले, दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली. "म्हणजे, मस्ट असतं तर हवीच. इथे शुड आहे, म्हणून असली तर बरं. सक्ती नाही."

"असली तर बरं. सक्ती नाही," बारक्याने पाठ केल्यासारखं म्हटलं. "म्हणजे मी जोडीदार मागायला गेलो, तर फोरमन म्हणू शकतो, कुठे लिहिलंय हवीच म्हणून?"

"आता आली तुला भाषा!" काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

टाकी त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतीच. होतं ते फक्त वाक्य.

*

पुन्हा बसल्यावर अधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला. 'असावी' बरोबर आहे का?

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "साहेब, मला एक सांगायचंय. मी आधी 'असलीच पाहिजे' असं लिहिलं होतं. नंतर ते बदललं." ते सेफ्टी ऑफिसरकडे बघत नव्हते. "मला बदलायला सांगितलं गेलं."

कोपऱ्यात टाइप करणाऱ्या मुलीने मान वर केली. बोलून टाकल्यावर काकांना हलकं वाटत होतं.

"मूळ वाक्यात मस्ट होतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही."

"शाल?"

"नाही साहेब. शुडच."

"मग दुरुस्ती चुकीची होती, असं तुमचं म्हणणं आहे?"

काकांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत अर्थाच्या बाबतीत त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आज सांगावंसं वाटत होतं, पण ते जमायलाही सवय लागते.

"नाही," ते म्हणाले. "व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होती."

"लिहा," अधिकारी त्या मुलीला म्हणाला, "भाषांतर मुळाबरहुकूम." सेफ्टी ऑफिसरने खुर्चीत पाय सैल सोडले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट काकांची त्याला कीव आल्यासारखी वाटली, आणि तेच काकांना जास्त लागलं.

"आता शेवटचं. मयत कामगाराला ही पाटी वाचता येत होती का? तुम्ही त्याला शिकवत होता, असं कळलं."

काकांना बाकावरचा तो सुकलेला चेहरा आठवला. ते ताठ बसले. "येत होती साहेब. चांगली येत होती. फार हुशार होता तो. त्याला अडाणी म्हणणाऱ्याने आधी स्वतःची पाटी तपासावी."

"अर्थ कळत होता?"

"पुरता कळत होता."

निदान एवढं तरी आपण त्याच्या पदरात टाकलं, असं त्यांच्या मनात आलं न आलं, तोच अधिकारी सांगू लागला आणि मुलगी टाइप करू लागली. "सूचना मयताला वाचता येत होती व तिचा अर्थ त्याला पूर्णपणे समजत होता. तरीही दुसऱ्या व्यक्तीची वाट न पाहता तो एकटा टाकीत उतरला."

काका त्या मुलीच्या बोटांकडे पाहत राहिले. शब्द एकेक करून कागदावर पडत होते. त्यांना आत्ता कळलं, की आपण काय केलं.

"आणखी काही सांगायचंय?" अधिकाऱ्याने रुमालाची घडी बदलत विचारलं.

दोनच वाक्यं होती. त्याने मला विचारलं होतं साहेब, हवीच का म्हणून. मी सांगितलं, सक्ती नाही. एवढं म्हटलं असतं तर कागदावरचा दोष बारक्यावरून उठला असता. तो कारखान्याच्याच माणसावर, एकतीस वर्षं नोकरी झालेल्या भाषांतरवाल्यावर, येऊन बसला असता. काकांना वसाहतीतली तळमजल्यावरची खोली आठवली, बायकोचे गुडघे आठवले. पण खरं म्हणजे ती निमित्तं होती. त्यांना दिसलं ते एवढंच, की त्या कागदावर बारक्याच्या मरणाशेजारी आपलं नाव उमटलंय आणि ते सगळा कारखाना वाचतोय.

मुलीची बोटं थांबून राहिली होती.

"नाही साहेब," काका म्हणाले.

त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच सुवाच्य आली.

घरी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. "काय विचारलं?"

"शब्दाचा अर्थ."

"सांगितलात ना?"

"सांगितला."

"बरोबर?"

"बरोबर," ते म्हणाले, आणि पाणी न पिता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तिने दोनदा जेवायला हाक मारली, मग ताट झाकून ठेवलं.

*

तीन आठवड्यांनी निकाल आला. बारक्याच्या बायकोने शेजारणीच्या हाती निरोप धाडला, कागद इंग्रजीत आहे, काकांना म्हणावं जरा येऊन वाचा.

काका तिसऱ्या मजल्यावर दम खात पोचले. खोली रिकामी होत आली होती. भांड्यांची दोन पोती तोंड बांधून ठेवलेली. भिंतीवर खिळ्यांची भोकं. जमिनीवर एक लोखंडी ट्रंक उघडी, आणि ती तिच्यात कपडे रचत होती. खोली महिनाअखेर सोडायची, हे तिला तोंडी कळलंच होतं. भाऊ टेंपो घेऊन यायचा होता.

"बसायला काही ठेवलं नाही बघा," ती म्हणाली आणि कागद दिला.

काकांनी उभ्यानेच वाचला. सगळा कागद एका वाक्यावर तोललेला होता, आणि त्या वाक्यात तोच शब्द होता. फक्त त्याच्या पुढे हॅव लागलं होतं. धड्याचा हा भाग बारक्याला शिकवायचा राहिला होता. जे करायला हवं होतं आणि झालं नाही, त्यासाठी इंग्रजीत हे असं म्हणतात.

"काय लिहिलंय?"

"त्याने थांबायला हवं होतं," काका म्हणाले. "दुसरा माणूस येईपर्यंत. असं लिहिलंय."

"आणखी?"

"पाटी त्याला वाचता येत होती. अर्थ कळत होता. म्हणून चूक त्याची."

ती एक साडी हातात धरून तशीच बसली. मग तिने हळूच विचारलं, "आणि वाचता येत नसती तर?"

काका पुन्हा कागदाकडे पाहू लागले.

"सांगा ना काका. येत नसती तर कुणाची?"

"कंपनीची. न कळणारी पाटी लावली म्हणून."

तिने साडीची घडी गुडघ्यावर दाबली, पुन्हा दाबली. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "मीच तुम्हाला व्हरांड्यात गाठून सांगितलं. अडाणी म्हणू देऊ नका म्हणून. माझ्याच तोंडाने मी..."

"नाही पोरी," काका घाईने म्हणाले. "तुझा काही दोष नाही. ऐक माझं. त्याने मला विचारलं होतं. शनिवारी, वर्गात. असावी म्हणजे हवीच का, असं सरळ विचारलं होतं त्याने. आणि मी सांगितलं, असली तर बरं, सक्ती नाही. मी सांगितलं त्याला. फळ्यावर लिहून सांगितलं. जोडीदार मागितला तर फोरमन काय म्हणेल, तेही त्याने मला बोलून दाखवलं होतं. आणि मी त्याची पाठ थोपटली."

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"हे तिथे सांगितलंत?"

"नाही."

"विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं. आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं."

खाली टेंपोचा हॉर्न वाजला. तिने साडी ट्रंकेत ठेवली. काकांच्या हातातून कागद घेतला, त्याची नीट चौघडी केली, साडीवर ठेवली आणि झाकण लावलं. कडी बसेना. तिने गुडघा टेकून झाकण दाबलं आणि कडी बसवली.

काका ट्रंकेच्या एका बाजूला वाकले.

"राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. रस्त्यावरच्या परक्या माणसाला सांगावं, तसं सांगितलं तिने.

तिने एकटीने ट्रंक दारापर्यंत ओढली, मग जिन्यावर नेली. प्रत्येक पायरीवर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता आणि दोन आवाजांच्या मध्ये ती श्वास घेत होती. काका उंबऱ्याशी उभे राहून ऐकत राहिले. तीन मजले उतरायला तिला बराच वेळ लागला. खालून भावाने काहीतरी विचारलं. तिचं उत्तर वर ऐकू आलं नाही.

मग पोत्यांसाठी ती पुन्हा वर आली. काका अजून दारातच उभे होते. ते बाजूला होईपर्यंत ती थांबली.